आधी भिंतीवर, मग अंगावर

उमेळ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या काकूंकडे पहिल्यांदा आलेला माणूस आधी वर बघतो. वाडीतल्या विहिरीच्या रहाटाचे जुने लोटे छताला उलटे टांगून त्यांनी त्यात दिवे लावलेत. मग तो काकूंच्या हातांकडे बघतो. पासष्टीतल्या बाईच्या कोपराजवळ केळफूल आणि मनगटावर कुकरची शिट्टी! दोन्ही चित्रं त्यांनीच काढलेली, आणि नालासोपाऱ्याच्या टॅटूवाल्याला पदरची एकही रेघ घालू न देता गोंदवून घेतलेली.

त्यांचा नियम एकच. चित्र आधी घरात रंगवायचं. वर्षभर रोज बघून कंटाळा आला नाही, तरच अंगावर घ्यायचं. "भिंत पुसता येते रे, कातडी नाय." एका मोराला तर त्यांनी दोन महिन्यांत चुना फासला. म्हणाल्या, "फारच मिरवत होता."

गेल्या वर्षी ते लोटे टांगायला भर दुपारी त्यांचं ड्रिल मशीन सुरू झालं, आणि मी तणतणत जाऊन त्यांचं दार बडवलं. आठवड्याने, त्यांनी माझ्यासाठी घेऊन ठेवलेलं पार्सल आणायला गेलो, तर दाराच्या आतल्या बाजूला एक पंजा रंगवलेला. करंगळी वाकडी, अगदी माझ्यासारखी. मी ओशाळलो.

"काकू, पुसा ना तो."

"वर्ष होऊ दे. बघू कंटाळा येतो का."

काल त्या टॅटूवाल्याकडून आल्या आणि हसत ओढणी जरा बाजूला केली. भांडायला गेलेला माझा हात आता कायमचा त्यांच्या खांद्यावर आहे.