एन्थ्रोनवाले

"बसा आधी. मंग बोला."

कोणीही आलं तरी आमच्या गल्लीतल्या मंडपवाल्यांचं पहिलं वाक्य हेच. बोलता बोलता ते गळ्यातली दस्ती काढायचे, त्या रुमालाने खुर्चीची गादी दोनदा झटकायचे आणि पंजा उघडून ती दाखवायचे. आता खुर्ची म्हणजे साधी नव्हे. नवीन जालन्यात, स्टेशनच्या मागच्या अंगाला त्यांचं गोदाम होतं आणि त्यात नवरा-नवरीच्या महाराजा खुर्च्यांशिवाय बसायला दुसरं काहीच नसायचं. प्लास्टिकच्या खुर्च्या कायम कुठल्या ना कुठल्या लग्नाला गेलेल्या. त्यामुळे विजेचं मीटर बघायला आलेला माणूस लाल मखमलीवर, एक हात सोनेरी सिंहाच्या डोक्यावर ठेवून, बशीतून चहा पिताना दिसायचा. भंगारवाला, कुरिअरवाला, मत मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांना मान सारखाच. तुम्ही त्या गल्लीतून कधी गेला असाल तर तुम्हालाही बसवलं असणार.

मी समोरच राहायचे. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि मला शांतता हवी होती. समोर तर सकाळी सहापासून टेम्पोत लोखंडी पाईप आदळायचे. एक दिवस पदर खोचून भांडायला गेले. "बसा आधी," आलंच. बसले. सिंहासनावर बसून भांडता येत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. पाठ सरळ होते आणि आवाज चढेनासा होतो. चहा पिऊन, त्यांच्या सुनेच्या हातच्या शेवयांची चौकशी करून मी परत आले. पाईप पुढेही आदळत राहिले, मला मात्र त्याचं काही वाटेनासं झालं.

अख्ख्या जालन्याला बसवणाऱ्या या माणसाचं एका व्यक्तीपुढे काही चालत नव्हतं. ती म्हणजे त्यांची आई. ऐंशीच्या पुढची, हरभऱ्याच्या घाट्याएवढी लहानखुरी बाई. गल्ली तिला आजी म्हणायची. गोदामाच्या ओट्यावर, पुढच्या बुटक्या भिंतीला पाठ लावून ती दिवसभर जमिनीवर बसायची. दवाखान्यात बाकडं रिकामं असलं तरी खाली, बस स्टँडवर खाली, नातवाच्या शाळेत संमेलनाला गेली तरी खाली.

"मॅडम, आमच्या मायला उभ्या जिंदगीत कुनी 'बसा' म्हनलं न्हाई," ते मला एकदा म्हणाले. त्या वेळी ते सतरंज्यांच्या घड्या घालत होते. "आमच्या गावात चाळीस वर्षं दुसऱ्याच्या रानात राबली. काम सांगेपर्यंत अंगनात थांबायचं, मातीत. वट्ट्यावर चढायचं न्हाई. आता मी रोज दहा मान्सं बसवतो. पन ही बसंना. मेल्यावर फोटोला हार घालून खुर्चीत ठेवायची का मी हिला?"

हे बोलताना त्यांची घडी वाकडी झाली.  मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं.

आणि याच सुमारास ते बोर्डाचं प्रकरण आलं. त्यांना दुकानावर नवा बोर्ड लावायचा होता. नाव इंग्रजी हवं होतं, पण आसपास रॉयल, किंग आणि पॅलेस अशी नावं इतकी झाली होती की त्यातलं एकही त्यांना नको होतं.

"मी खुर्ची भाड्यानं देत न्हाई मॅडम. मी मानूस बसवतो. त्या बसवन्याला विंग्रजीत काय म्हन्तेत?"

"सीट," मी म्हणाले.

त्यांचं तोंड कडू झालं. "सीट एसटीत असती, मॅडम. रुमाल टाकून धरायची. दुसरं बघा."

मग मी 'एन्थ्रोन' सांगितलं. सिंहासनावर बसवणे. राजाला विधिपूर्वक गादीवर बसवणे. त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला, आणि म्हणाले, "बराबर. आता याचं खानदान सांगा."

तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला शब्दाचं खानदान विचारलं नव्हतं. परीक्षेला किती मार्कांना येईल, एवढंच विचारायचे. मी हरखून घरी गेले, कपाटावरचा जाडजूड कोश खाली काढला आणि दुसऱ्या दिवशी सिंहांच्या डोक्यांवर कोपरं टेकून तास घेतला. टेम्पोचा ड्रायव्हरही ऐकायला बसला.

मी सांगितलं की हा शब्द ग्रीकांकडून निघाला. तिथून लॅटिनमध्ये गेला, मग फ्रेंच, मग इंग्रजी. इंग्रजांकडे आधी त्याचं लांबलचक रूप होतं, एन्थ्रोनाइझ. पुढे चारेकशे वर्षांपूर्वी शेपूट गळून एन्थ्रोन उरला. अर्थ तीन. एक, राजाला गादीवर बसवणे. दोन, बिशप म्हणजे मोठ्या धर्मगुरूला त्याच्या चर्चमधल्या आसनावर बसवणे. तीन, कोणाला तरी मनात सर्वांत वरची जागा देणे.

"राजे गेले," त्यांनी बोटांवर हिशेब लावला. "बिशपचं गिऱ्हाईक अजून आलं न्हाई, आलं तर बघू. आपला धंदा तिसऱ्यावर."

"आणि मुळात," मी म्हणाले, "ग्रीकांमध्ये त्या शब्दाचा अर्थ नुसता उंच खुर्ची असाच होता. राजाचीच असं काही नाही. विद्वान त्याच्याही मागे जातात. धरून ठेवणे, टेकू देणे असा एक फार जुना धातू आहे, त्यातून तो आला असं म्हणतात. आपला 'आधार' त्याच घरातला."

 ते ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "आयकलं का? म्हंजे आधार दिला की झालं. मुकुट-बिकुट नंतरचा खर्चा हाय."

बोर्ड लागला. देवनागरीत, सोनेरी अक्षरांत, 'एन्थ्रोन मंडप डेकोरेशन'. पण पेंटरने एन्थ्रोन एवढं मोठं काढलं की बाकीचं कोपऱ्यात चेपलं गेलं. आमचं जालना बियाण्यांचं गाव. पहिल्याच आठवड्यात केदारखेड्याहून मोटारसायकलवर एक शेतकरी आला आणि एन्थ्रोनच्या दोन बॅगा मागू लागला, कपाशीचं नवं वाण समजून. त्याला अर्थातच आधी बसवलं. मग राजा, बिशप आणि आधार, सगळं खानदान ऐकवलं. जाताना तो बहिणीच्या लग्नाचा मंडप ठरवून गेला. गल्लीत त्यांचं नावच एन्थ्रोनवाले पडलं आणि त्याचा मला गुपचूप अभिमान वाटायचा. आता मी मुलाकडे दुसऱ्या गावी राहते. तिथे पाहुणे सोफ्यावर आपसूक बसतात, मला तर ते ओकंबोकं वाटतं.

हे नवं ज्ञान त्यांनी पहिल्यांदा वापरलं ते आईवर, बोर्ड लागायच्याही आधी. मी तिथेच होते.

"माय, खुर्ची राजाची न्हाई म्हन्तेत. आपलीच हाय. तू बस ना आता."

आजीने सुपारी फोडता फोडता वर पाहिलं. "बुद्ध भगवान कशावर बसले व्हते?"

गोदामात हार घातलेली तसबीर होती. तिच्यात भगवान पिंपळाखाली बसलेले.

"ते... खाली बसले व्हते."

"घरी राजगादी व्हती का न्हाई?"

"व्हती."

"सोडून आले का न्हाई?"

"आले."

"मंग मला कामून वर चढवून राह्यला?"

ड्रायव्हर फिसकन हसला. माझा पाचशे पानी कोश एका मिनिटात चितपट झाला होता. मंडपवाले दस्तीने तोंड पुसत आत गेले. मी मात्र पाहिलं, ते आत जाऊन उगाचच एक खुर्ची पुसत बसले होते. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

म्हणून मी एक शेवटचा प्रयत्न केला. मोबाइलवर एका ग्रीक मडक्याचं चित्र शोधलं, उंच खुर्चीवर बसलेल्या बाईचं, आणि ते घेऊन आजीशेजारी जमिनीवर बसले. त्या दिवशी तिथे लगबग चालली होती. मंडपवाल्यांच्याच मूळ गावात, पार भोकरदन तालुक्यात, संध्याकाळचं लग्न होतं आणि टेम्पो भरला जात होता. सोनेरी सिंहांची जोडी तेवढी शेवटी चढवायची म्हणून ओट्यावर काढून ठेवली होती.

"ही बघा आजी. हीच ती मूळची खुर्ची. राणी नाही काही, तुमच्या-माझ्यासारखीच कोणी बाई आहे."

आजीने चित्र डोळ्यांशी नेलं. मी बोटांनी ते मोठं करून दिलं.

"हिच्या पायाखाली काय हाय?"

"पाट आहे. खुर्ची उंच, म्हणून पायाखाली पाट द्यायचे."

"हां," आजी म्हणाली. "हिला पाट हाय. मला कुठं हाय?"

मंडपवाले हातातला पाईप घेऊन तसेच उभे राहिले. "म्हंजे?"

"माझे पाय लोंबकळतेत, बापा. पडंल असं वाटतं. एकडाव बसले व्हते मी. तू टेम्पोसंगं गेल्ता तव्हा. उतरताच येईना. बोंबलावं तर लोकं काय म्हन्तील? मंग सरकत सरकत उतरले."

"माय, मंग सांगायचं न्हाई का?"

"तू इचारलं कुठं? तू नुसतं बस बस म्हन्तो."

मंडपवाल्यांनी पाईप खाली ठेवला. टेम्पो तसाच सोडला. स्टेजची एक जुनी फळी ओढली, करवत घेतली आणि आईच्या पायांशी बसून सुतळीने तिच्या तळव्यापासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. दोनदा घेतलं. अर्ध्या तासात पाट तयार झाला. त्यावर लाल मखमलीचा तुकडा ठोकला. मग त्यांनी दस्ती काढली, पण गादी झटकायला हात उठेना. ती मी झटकली.

आजी एका हाताने माझा आणि दुसऱ्याने मुलाचा खांदा धरून चढली. टेकली. पाय पाटावर आले. आधी एक, मग दुसरा. तिने पाय दाबून पाहिले, पाट हलला नाही. मग हळूच पाठ मागे टेकली आणि सिंहांच्या डोक्यांवर हात ठेवले.  तेवढ्यात मनमाडकडची गाडी आली.

"अगं बाई!" आजी ओरडली. "हिथून भिंतीवरून गाडी दिसती की! इतके दिस नुसती आयकत व्हते मी. ते बघा, खिडकीतलं पोरगं हात करून राह्यलं!"

तिनेही हात केला. शेवटचा डबा जाईपर्यंत करत राहिली. मंडपवाले सतरंज्यांच्या ढिगामागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते आणि तोंडभर हसू होतं. आजीने सांगितलं, जेवण इथंच आणा, आता साडेचारची गाडी बघूनच उठीन.

ड्रायव्हरने घड्याळ दाखवलं. लग्न तर वाट पाहत होतं. मंडपवाल्यांनी त्याला निळी जोडी भरायला लावली, जुनी, एका मोराची मान मोडलेली, आणि टेम्पो पाठवून दिला.

दुपारी फोन आला. ते कायम स्पीकरवरच बोलायचे, त्यामुळे मलाही ऐकू आलं. नवरदेवाचे थोरले चुलते होते. ज्या अंगणात आजी काम सांगण्याची वाट बघत मातीत बसायची, त्याच घरातले.

"अहो, हे काय पाठवलं? आमची सोनेरी खुर्ची ठरल्ती ना? कुठंय ती?"

"ती गुतली, पाटील."

"गुतली? कुनाच्या लग्नात?"

"लग्न न्हाई. घरीच हाय. माय बसली तिच्यावर."

 पलीकडून नुसती बँडवाल्यांची ठोकाठोक ऐकू येत होती. मंडपवाल्यांनी फोन कानाशी नेला.

"मावशी बसल्या?" आवाज खाली आला होता.

"बसल्या."

"मंग राहू द्या. आमचं भागतं निळ्यावर. त्यांना उठवू नका."