बंद घराचा आकडा

आमच्या पालिकेच्या आरोग्य ऑफिसात संगणक सांभाळणाऱ्या एका गृहस्थांना सगळे ‘डासांचे ज्योतिषी’ म्हणायचे. पाठीमागे हो, तोंडावर कोण म्हणणार? मी घरोघर फिरून टाक्या, बादल्या, कुंड्या बघायची, पाण्यातल्या अळ्या मोजून वहीत आकडा लिहायची. ते आकडे त्यांच्याकडे जायचे. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून ते एसीने गारठलेल्या खोलीत बसायचे, शेजारी कपाटांएवढा महासंगणक घोंघावत. आमच्या आकड्यांवरून येणारा डासांचा मोसम तो पडद्यावर दहा हजार वेळा घडवून बघायचा. जिथे ताप पसरेल ती गल्ली नकाशावर लाल. फवारणी फक्त लाल गल्लीत, हिरवीला कोण विचारतो?

“ताई, तुमचा एक आकडा चुकला की माझं यंत्र दहा हजार वेळा चुकतं,” ते म्हणायचे.

“या की मग एकदा माझ्याबरोबर उन्हात, कळेल!” मी सुनावायची.

बायको गेल्यापासून माणूस एकटा. संध्याकाळी शेजारच्या मावशी दारातून विचारायच्या, “आलास का रे?” हे म्हणायचे, “आलो.” दिवसभरात आपुलकीचं बोलणं काय ते एवढंच.

त्या वर्षी मावशींना डेंगी झाला. गल्ली नकाशावर हिरवीगार! ज्योतिषी तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होते. चौथ्या दिवशी मावशी गेल्या.

आठवड्याने ते माझ्यासमोर उभे राहिले, हातात माझीच वही. बोट एका ओळीवर. त्यांचंच घर, पुढे शून्य.

आम्ही घरोघर फिरणाऱ्या सगळ्याच तसं करायचो. रकाना रिकामा दिसला की आमचे वरचे साहेब पुन्हा पिटाळायचे, म्हणून कुलूप दिसलं की शून्य लिहून मोकळं व्हायचं. यंत्राला काय कळतंय? त्याने घर स्वच्छ धरलं.

“कुलूप होतं,” मी म्हणाले.

“किल्ली मावशींकडेच असायची. मागायची होती.” आवाज जरासुद्धा चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं मला.

आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. गॅलरीत बायकोने लावलेल्या कुंड्या होत्या, ते रोज सकाळी न चुकता पाणी घालायचे. खालच्या बशा तुडुंब. मी बॅटरी मारली तर अळ्या वळवळत होत्या.

“तिची झाडं होती हो,” ते एवढंच म्हणाले.

आता बंद घरापुढे मी ‘बंद’च लिहिते, साहेबांना बोंबलायचं तर बोंबलू देत. आणि माझ्या फेरीच्या दिवशी ज्योतिषी रजा टाकून स्वतः दार उघडतात. घरात कुंडी नाही, बशी नाही. बघून व्हायला दोन मिनिटं पुरतात.

“काही नाही,” मी म्हणते.

“पुन्हा एकदा बघता का?” ते म्हणतात, आणि खुर्ची पुढे सरकवतात.

रिकाम्या गॅलरीत बघण्यासारखं काही उरलेलं नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं. मी पुन्हा बघते.