भाऊबीजेच्या ताटात भाऊजीची कढई

मित्रांनो, आज भाऊबीजेले पुसदले ताईकडे गेलतो.

बाजारात साडी घ्यायले निघालो, पण भांड्याच्या दुकानात एक लोखंडी कढई दिसली अन् मी तिथंच अडकलो. ताईच्या घरी स्वयंपाक भाऊजी करतात, अन् लय आवडीनं करतात. फक्त त्यांच्या बाबांसमोर नाव ताईचं सांगतात. कढई पाहून मी हे सगळं विसरलो. घेतली अन् ओवाळणीत ठेवली.

ताई हसली. "माह्या हातचा चहा तरी घेतला का रे तू कधी?" अन् तिनं कढई सरळ भाऊजीच्या हातात देली.

भाऊजीचे बाबा समोरच बसून होते. भाऊजीची मान खाली. मले वाटलं, आता इथून पळावं.

बाबांनी कढई मागून घेतली, बोटानं वाजवून पाह्यली. "जड आहे. पातोडीचा रस्सा चांगला होईन. इतके दिवस तुह्याच हातचं खाऊन राह्यलो, मले काय समजत नाही?"

भाऊजी कढई घेऊन जे आत गेले, ते बाहेरच आले नाही.

ताई मात्र ताट धरून उभीच. "अन् माही ओवाळणी?"

आता परत बाजारात उभा आहो. सांगा ना, स्वयंपाक न आवडणाऱ्या बहिणीले काय द्यावं? लवकर सांगा, समोर परत भांड्याचंच दुकान आहे.