साहेबांचा दिवा

घरात पैसे देऊन सरडा आणायचा, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायलाच दोन महिने लागले. आमच्या लहानपणी क्वार्टर्सच्या मेंदीच्या कुंपणावर सरडा दिसला की आम्ही पोरं आधी दगड शोधायचो. तो मान हलवून लांबूनच आपलं रक्त पितो, अशी आमची पक्की समजूत होती. आणि इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये माझी अकरा वर्षांची लेक हात जोडून मागे लागली होती, "आई, प्लीज, जस्ट वन कमीलियन!" कुत्रा आणला असता तर नवऱ्याला केसांनी शिंका. मांजर मला नको. मासे तिला बोअरिंग. उरला हा.

आणल्यावर कळलं की याचे नखरे एखाद्या जावयाच्या वरताण. चार फुटी जाळीचा पिंजरा, त्यात खरी झाडं, वर उन्हासारख्या प्रकाशाची एक नळी आणि शेजारी ऊब देणारा दिवा. दोन्ही दिवसाचे बारा तास चालू हवेत. त्याचं अंग स्वतःहून तापत नाही, आणि ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही. पाणी तो वाटीतून पीत नाही. पानांवर फवारा मारायचा, मग लहर आली तर स्वारी थेंब चाटणार. तरी मी चार दिवस पिंजऱ्यात स्टीलची वाटी ठेवलीच. घरात आलेल्याला पाणी नाही म्हणजे काय! त्याने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. पाचव्या दिवशी लेकीने ती वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मॉम, यू डिडंट ईव्हन रीड द शीट."

खायला जिवंत किडे. त्यांचा डबा लॉन्ड्री रूममध्ये रात्रंदिवस किर्र करत असायचा. ते किडे पौष्टिक व्हावेत म्हणून त्यांना गाजर, भोपळा खायला घालायचा. माझ्या शुद्ध शाकाहारी घरातली भाजी आधी किडे खाणार आणि मग किडे तो खाणार! थंडीत आत आणलेली माझी जास्वंदही लेकीने पिंजऱ्यात नेऊन ठेवली. एका मंगळवारी गणपतीसाठी राखून ठेवलेलं फूल मी तोडायला गेले, तर अर्धं फूल त्याच्या तोंडात. मी रागावले खरी, पण त्याचा एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा फुलाकडे बघून हसूच आलं.

त्याच हिवाळ्यात बाबा आले.

आई जूनमध्ये गेली होती. बाबा नागपूरला एकटेच. शेजारच्या काकू फोनवर म्हणाल्या, "संध्याकाळी दिवासुद्धा लावत नाहीत गं. अंधारात बसून असतात." ते ऐकून माझा धीरच सुटला. मी महिनाभर मागे लागून त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. माणूस पुन्हा बोलता व्हावा, जेवता व्हावा, एवढंच मला हवं होतं. नोव्हेंबरात ते मंकी कॅप घालून विमानतळावर उतरले, तेव्हा मला माझे बाबा निम्मेच आल्यासारखे वाटले.

त्यांना बोलतं केलं ते या सरड्याने. तो एक पाय उचलायचा, हवेतच डुलवायचा, विचार करायचा आणि मग पुढे ठेवायचा. बाबांनी दोन दिवस निरखून बघितलं आणि म्हणाले, "हे तर इन्स्पेक्शनला आलेले साहेब आहेत." लेकीला ते इतकं आवडलं की तिने ठेवलेलं नाव मागे पडलं आणि घरात सगळे त्याला साहेब म्हणायला लागले.

बाबांची सगळी नोकरी वीज खात्यात, सबस्टेशनमध्ये गेली. वीज वाया गेलेली त्यांना अन्न टाकल्यासारखी वाटते. आमच्या घरी आल्यापासून ते खोल्याखोल्यांतून फिरून दिवे बंद करायचे. "कोणी बसलंय का इथे? मग उगाच काहून जळतंय हे?" लेकीने मला विचारलं, "व्हॉट इज उगाच?" मी म्हटलं, "फॉर नो रीझन." तिला तो शब्द फारच आवडला. होमवर्क उगाच, स्वेटर उगाच, ब्रोकोली तर एकदमच उगाच. बाबा हसायचे. आई गेल्यावर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते.

जानेवारीत साहेबांचं काहीतरी बिनसलं. हिरवा रंग जाऊन अंग मातकट, काळपट पडलं. किडे समोरून चालत गेले तरी तो जीभ काढेना. डोळे दिवसाही मिटलेले. लेकीचा जीव टांगणीला लागला. मी आधी विकणाऱ्याला नावं ठेवली, मग किड्यांना, मग माझ्या मिरचीच्या फोडणीला. आठ दिवस मी घरात ठसका लागेल असं काही केलं नाही. गुण नाही. शेवटी शनिवारी असल्या प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी एकच गोष्ट तीनतीनदा विचारली. दिवा बारा तास चालू असतो ना? लेक रडवेल्या आवाजात म्हणत राहिली, हो, मी रोज शाळेत जायच्या आधी स्वतः लावते. डॉक्टरबाई म्हणाल्या, मग मला कळत नाही, कारण हा गारठ्याने आजारी पडलाय. आठवडाभर ऊब द्या. नाही सावरला तर मनाची तयारी ठेवा.

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. ते ताटावर बसले होते. घास हातातच राहिला.

"तो दिवा मी बंद करत होतो," ते म्हणाले.

झालं होतं असं, की आम्ही तिघं सकाळी बाहेर पडलो, नवरा शिकागोच्या ट्रेनला, मी ऑफिसला, लेक शाळेत, की बाबा फेरी मारायचे आणि पिंजऱ्याचे दोन्ही दिवेही मालवायचे. लेक यायच्या आधी आठवणीने पुन्हा लावायचे, तिला साहेब नीट दिसावेत म्हणून! दिवा बघणाऱ्यासाठी असतो, अशी त्यांची समजूत. बघायला कोणी नाही तर कशाला जाळायचा? नागपूरचा माणूस. ऊब विजेवर घ्यावी लागते, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. आणि आम्हीही त्यांना कधी धड सांगितलं नव्हतं. नियमांचा तो कागद इंग्रजीत फ्रिजवर लावला, की आमचं काम संपलं होतं.

"यू आर किलिंग हिम!" लेक किंचाळली आणि वर जाऊन तिने दार आपटलं.

मी तरी गप्प बसायचं ना! पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हटलं, "तुम्हाला अंधारात बसायचं असेल तर बसा बाबा, सगळ्यांना कशाला बसवता?" बोलले आणि त्याच क्षणी वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

बाबांनी ताट बाजूला सारलं. हात धुतले. मग खुर्चीवर येऊन बसले आणि शांतपणे म्हणाले, "माझं तिकीट आधीचं करून दे. तिथे माझ्यामुळे कोणाचं बिघडत नाही."

मी पाया पडायचंच बाकी ठेवलं. ते ऐकेनात. शेवटी एवढंच कबूल झाले, की साहेबांचं काय होतं ते कळेपर्यंत थांबतो. लेक त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हती. जेवायला ते बसले की ती उठायची. तो सरडा मेला असता तर पोरीने आजोबांना आयुष्यभर माफ केलं नसतं आणि बाबा पुन्हा आमच्याकडे कधीच आले नसते, हे मला स्वच्छ दिसत होतं. ऑफिसमध्ये मीटिंग चालू असताना मी एका सरड्यासाठी अथर्वशीर्ष म्हणत होते. हसा खुशाल.

सोमवारी संध्याकाळी घरी आले तर पिंजऱ्यासमोर खुर्ची, खुर्चीत बाबा आणि मांडीवर माझ्या जुन्या प्रोजेक्टची वही. सबस्टेशनमध्ये दर तासाला मीटर बघून लॉगशीट भरायची असते. ड्यूटीवरच्या माणसाने तो तास चुकवायचा नाही, मग घर पेटो. बाबांनी वहीत तसेच रकाने आखले होते. वेळ, तापमान, डोळे, रंग, खाणं. "८.०० – ८४ अंश फॅरनहाइट. डोळे बंद. रंग काळपट. ९.०० – ८६. डावा डोळा अर्धा उघडला. १०.०० – ८६. फवारा मारला. दोन थेंब घेतले." दुपारच्या एकच्या रकान्यात लिहिलं होतं, "जेवायला उठलो नाही."

बुधवारी लेक शाळेतून आली आणि आजोबांच्या मागे उभी राहून वहीत बघत राहिली. तिला देवनागरी वाचता येत नाही. मराठी शाळेचे रविवार मीच तिच्या स्विमिंगपायी कॅन्सल केले होते. मी जिन्यात उभी होते. मग तिने बोट ठेवून विचारलं, "व्हॉट डज धिस से?"

बाबा वळलेही नाहीत. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचून दाखवलं, "दोन वाजता. पंच्याऐंशी अंश. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं."

"अँड धिस?"

"तीन वाजता. बेटा शाळेतून यायची वेळ झाली."

तिने स्टूल ओढलं आणि ती त्यांच्याशेजारी बसली. मी जिन्यातच पदर नसताना पदराने डोळे पुसायला गेले.

शुक्रवारची नोंद मला तोंडपाठ आहे. "११.२० – एक किडा खाल्ला. जीभ पाहिली." खाली दोन रेघा मारल्या होत्या. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला ऑफिसात फोन केला आणि मी क्यूबिकलमध्ये उभी राहून "खाल्ला? खाल्ला?" म्हणून ओरडले. माझा जीव भांड्यात पडला. तिकीट बदलायचा विषय पुन्हा निघाला नाही. बाबा सहाच्या सहा महिने राहिले. नवऱ्याने आणलेला टायमर त्यांनी खोक्यासकट परत पाठवला. दिवा माणसानेच लावायचा!

नागपूरला गेल्यावर त्यांचा रोज फोन यायचा. इकडचे सकाळचे सात म्हणजे तिकडे दिवेलागणीच्या आसपासची वेळ. आईच्या फोटोपुढे निरांजन लावायचं आणि लगेच नातीला फोन. "साहेबांचा दिवा लावला का?" ती म्हणायची, "लावला." मग साहेबांनी काय खाल्लं, शाळेत काय झालं, इकडे बर्फ किती, तिकडे ऊन किती. ती इंग्रजीत बोलायची, ते मराठीत. अंधारात बसायचे दिवस संपले होते, हे काकूंनी मला न विचारता सांगितलं. हे सहा वर्षं चाललं. एकही दिवस चुकला नाही.

मागच्या ऑक्टोबरात साहेब गेले. म्हातारे झाले होते, झोपेतच गेले. मागच्या अंगणात मेपलखाली लेकीने त्यांना पुरलं. दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन वाजला आणि मी चहा गाळता गाळता ऐकलं, ती म्हणत होती, "लावला, आजोबा." मी वळून बघितलं. तिने खरंच लावला होता. रिकाम्या पिंजऱ्यात नुसती जास्वंद होती, आणि वर दोन्ही दिवे जळत होते. सतरा वर्षांची घोडी. तिला रागवायला मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आजोबांना सांगायचा धीर मलाही नव्हता.

डिसेंबरात आम्ही नागपूरला गेलो. पहिल्याच संध्याकाळी बाबांनी निरांजन लावलं, हात जोडले आणि सवयीने फोनकडे वळले. मग लेक समोरच बसलेली बघून हसले.

"तिकडे घरात आता कोणी नाही," ते तिला म्हणाले. "दिवा मालवून आलीस ना? साहेब जाऊन दोन महिने झाले."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. "आजोबा, यू न्यू?"

"पहिल्याच दिवशी. तुझ्या आवाजावरून."

"अहो, मग रोज दिव्याचं का विचारायचात?" मी म्हटलं. मला खरंच राग आला होता, आणि रडूही.

बाबा निरांजनाची वात सारखी करत राहिले. "नसतं विचारलं," ते म्हणाले, "तर रोज फोन कशासाठी केला असता?"

मग लेक उठली, त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

"उगाच करायचा, आजोबा," ती म्हणाली. "उगाच."