शून्य टक्क्यांची दोन हजार फी

माणच्या चौकात आज माझे पोहे थंड झाले. या अन्यायाची नोंद व्हावी.

कारण, दुसऱ्या बँकेचा फोन. "सर, क्रेडिट कार्डावरची चाळीस हजारांची थकबाकी आमच्याकडे वळवा. व्याज शून्य, फी फक्त पाच टक्के." माझ्या कार्डाचं व्याज वर्षाला बेचाळीस टक्के. मी हो म्हणणारच होतो.

मी आकडे मोठ्याने मोजत होतो, ते ऐकून पोहेवाल्या काकूंनी विचारलं, "फेडनार कवा?"

"महिन्याभरात, पगार झाला की."

"मग वर्साचं कशाला मोजताय? म्हैन्याचं व्याज किती?"

मी मोजून सांगितलं: चौदाशे. आणि फी दोन हजार.

"म्हंजे फुकटाला सहाशे जास्त. लई शिकलाय तुमी."

मी फोन ठेवला. वर्षाच्या आकड्याची भीती घालून महिन्याभराच्या माणसाला लुटायचं, आणि वर त्याला सवलत म्हणायचं. तुमच्यापैकी किती जण हो म्हणून बसलेत?

निघताना काकूंच्या डब्यात कालच्या पोह्यांचे द्यायचे राहिलेले वीस रुपये गुपचूप टाकले.