यशवंतमामांचा कान

यशवंतमामा आधी चाकाला भेटायचे, मग माणसाला. गाडी दुकानासमोर थांबली की खिशातली छोटी हातोडी काढून चारही चाकांच्या नटांवर टकटक करायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि मगच "बोला डॉक्टर" म्हणायचे. मी केंदूरकडचा जनावरांचा डॉक्टर. पहिल्या भेटीत मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला दिसतोय.

मामांची सगळी नोकरी दौंडच्या रेल्वे यार्डात गेली. गाडी येऊन थांबली की हातोडी घेऊन डब्यांच्या कडेनं चालायचं आणि चाकं वाजवून बघायची, हे त्यांचं काम. तडा गेलेलं चाक बद्द वाजतं म्हणे. निवृत्तीनंतर शिरूरला मुलीच्या घराजवळ, मार्केट यार्डाच्या रस्त्याला त्यांनी टायरचं दुकान टाकलं, आणि कानाची सवय सोबत आली. "चाक खोटं बोलत न्हाई डॉक्टर. मालक बोलतो," असं ते म्हणायचे.

भांडगावला माझ्या मावसभावाच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. वाजंत्री सुरू, नवरदेव फुलांच्या गाडीत बसलेला, आणि हे खाली वाकून टकटक करतायत. मुहूर्त टळतोय म्हणून वऱ्हाडी खवळले. मामा शांतपणे म्हणाले, "मुहूर्त पुढं जाईल. चाक पुढं गेलं तर काय करताल?" ते सकाळीच पंक्चर काढून बसवलेलं चाक होतं, त्याचे दोन नट हातानं फिरत होते. त्या दिवसापासून शिरूर ते भांडगाव लोक त्यांच्या कानाच्या शपथा घ्यायला लागले.

तीन वर्षांपूर्वी मी जीपला मोठे टायर घेतले. पावसाळ्यात उसाच्या रानातून गोठ्यापर्यंत जायचं म्हणजे साध्या टायरचं काम नव्हतं. पण टायर बसवले आणि स्टेअरिंग पुरतं वळवलं की ते आत घासायला लागले. चाक बाहेर काढायला हवं होतं. त्याला दोन वाटा होत्या. अॅक्सलच्या टोकाचा हब आणि चाक यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे जाडजूड चकती घालायची, नाहीतर मुळातच बाहेरच्या अंगाला बसणाऱ्या नव्या डिस्का, म्हणजे टायरच्या आतली लोखंडी चाकं, मागवायच्या. स्पेसर हातात होते, डिस्का यायला महिना लागणार होता.

"बेअरिंगवर ताण दोन्हीत सारखाच," मामा म्हणाले. "बाहेर काढलं म्हंजी बाहेर काढलं. पण स्पेसरला नट दुप्पट. आतले हबला, बाहेरचे चाकाला. आतले दिसत न्हाईत. माझं ऐका, डिस्का मागवा."

"मामा, पाऊस महिनाभर थांबणार आहे का?"

"मग बसवतो. पण शंभर किलोमीटर झाले की या. चाकं उतरवून आतले नट परत आवळायला लागतील. ते चुकवू नका."

मी चुकवलं नाही, बरोबर गेलो. पण गेलो त्याच दिवशी केंदूरहून फोन आला, गाय अडली आहे, लगेच या. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी. मी म्हणालो, "मामा, आज उतरवू नका. नुसतं वाजवून सांगा." मामा थोडे घुटमळले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी वाजवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बरोबर बोलतंय. जावा."

निम्म्या वाटेत स्टेअरिंग थडथडायला लागलं. उतरून बघतो तर पुढचं डावं चाक तिरकं. आतले नट ढिले होऊन दोन बोल्ट तुटले होते. अजून थोडा पुढं गेलो असतो तर हे लिहायला मी नसतो. कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून मी गोठ्यावर पोचलो, पण उशीर झाला होता. गाय वाचली, वासरू गेलं.

दुसऱ्या दिवशी जीप ओढून दुकानात आणली. मामा चाकापाशी उकिडवे बसले.

"वासरू?"

"गेलं."

त्यांनी तुटलेल्या बोल्टांवरून बोट फिरवलं. मग उभे राहिले आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला ऐकू आलं न्हाई, डॉक्टर. दोन वर्सं झाली, कान गेलेत. नुसता हाताच्या अंदाजानं सांगत व्हतो. काल काय बी कळलं न्हाई, तरी जावा म्हणलो. चार माणसं बघत व्हती ना."

मी म्हणालो, "मामा, चूक माझी. नुसतं वाजवा असं मीच म्हणालो."

"तुम्ही म्हणणारच. नुसतं इंजेक्शन द्या, असं तुम्हाला बी लोक म्हणत्यात. तुम्ही देता व्हय?"

कधीकधी देत होतो.

महिन्याभरानं नव्या डिस्का आल्या आणि मामांनीच त्या बसवल्या. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी सांगायचे, "मला ऐकू येत न्हाई. चाक उतरवून बघतो. येळ लागंल." काही लोक तोंड वाकडं करून दुसरीकडे गेले. बाकीचे समोरच्या टपरीवर चहा पीत थांबले. गेल्या उन्हाळ्यात मामा वारले, तोवर दुकान असंच चाललं.

परवा केंदूरच्या एका गोठ्यात मी बसून राहिलेली म्हैस तपासत होतो. हात आत, भोवती सगळं घर उभं, आणि मला काही केल्या कळेना. "दोन दिवसांत उठेल" असं म्हणून सुटता आलं असतं. आधी कितीदा तरी सुटलो आहे. मी हात बाहेर काढला आणि म्हणालो, "मला कळत नाहीये. शिरूरहून मोठ्या डॉक्टरांना बोलवू या." घरातल्या आजींनी हात धुवायला गरम पाणी आणून दिलं. हात धुताना माझ्या लक्षात आलं, सात-आठ जणांसमोर एवढं म्हणणंही मला जड गेलं होतं. मामांनी तर ते भरल्या दुकानात म्हटलं होतं, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला.