ठिणगीने सासूला घरी आणलं

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही ठिणगी म्हणतो. नाव वडिलांनी ठेवलं आणि तिने ते कधी वाया जाऊ दिलं नाही.

नवरा गेला तेव्हा सासूने तिला तान्ह्या पोरासकट घराबाहेर काढलं. तेव्हापासून एका खोलीत राहून, शाळेच्या गणवेशांना काज-बटणं करून तिने पोर वाढवलं. पोरगा आता टेम्पो चालवतो. मध्यंतरी तीच सासू कमरेखाली लुळी पडली. दिराने हात वर केले, "आश्रमात टाकतो." हे कळलं तशी ठिणगी गेली आणि म्हातारीला गाडीत घालून घेऊन आली.

मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं? हिला झोपवणार कुठे?"

"माझ्या पलंगावर. मी खाली झोपेन."

पोरगा तर भडकलाच. "आई, या घरात ती राहील, नाहीतर मी!"

"ती राहील," ठिणगी म्हणाली. "तुला पाय आहेत."

दार आपटून गेला तो मित्राकडे.

रविवारी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. "बाई, शत्रूवर प्रीती करा, ही आज्ञा तुम्ही पाळलीत. स्वर्गात मुकुट मिळेल तुम्हाला."

"मुकुटच हवा असता तर आधी डोक्याचं माप नसतं का दिलं?"

पाळकसाहेब चहात बघू लागले. पलंगावरून म्हातारी कुरकुरली, "नरकाला घाबरून करतेय ती. मी ओळखून आहे."

ठिणगीने सुई कापडात खोचली. "सासूबाई, घाबरायची मी तुम्हाला. तुमचा एक शब्द मोडला नाही. पण तुमची पाठ वळली की साय मी खायची आणि दुधात पाणी घालून ठेवायची. भीतीपोटी केलेलं काम असंच असतं. देवाच्या कामात मी पाणी घालत नाही, कारण त्याला मी भीत नाही. तुम्ही मला काढलंत तेव्हा माझ्या तोंडात शिव्यांशिवाय काही नव्हतं. त्यालाच देत होते. त्याने सगळ्या ऐकून घेतल्या, पण मला हाकललं नाही. आता तो म्हणतो हिला घे, तर कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

म्हातारी म्हणाली, "तरीच दूध पांचट लागायचं."

बोलणं ठीक, पण म्हातारीचं ओझं एकटीने उचलायचं कसं? कूस बदलली नाही की पाठीला जखमा. माझे गुडघे कामातून गेलेले. ठिणगीची कंबर धरली. दीर निरोप धाडायचा, "थकलीस की सांग, आश्रमात जागा आहे."

एकदा ठिणगी म्हातारीखालच्या ओल्या चादरीशी झटत होती तेव्हा पोरगा दारात उभा राहिला. "कपडे न्यायला आलोय."

"ने. खुंटीवर आहेत."

तो बघत राहिला. "सोड ना, कंबर मोडेल तुझी."

"मोडू दे. पण ती इथून जाणार नाही."

त्याने पिशवी कोपऱ्यात फेकली आणि बाह्या सरसावल्या. "हे बघ, मी तुझ्या देवाबिवासाठी करत नाहीये. हिच्यासाठी तर मुळीच नाही."

"मग कशासाठी?"

"तुझे हाल बघवत नाहीत म्हणून."

"बरं," ठिणगी म्हणाली. "खांद्यांखाली हात घाल. हळू."